मोकाट जनावर आणि कोंडवाड्याचा दंड

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही, हे कळल्यावर मघाशी चहाच्या वेळी एकाने मला विचारले, ‘भाऊ, भावाचं सोडून मातीचं लचांड कशाला काढलं?’ प्रश्न रास्त आहे. घामाला दाम मिळाला पाहिजे, या मागणीतला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण दाम पिकाला मिळतो आणि पीक जमिनीत येते. उद्या व्यापाऱ्याने सांगितले, ‘तुमच्या शिवारातली ज्वारी नको, तिच्यात कॅडमियम आहे,’ तर भाव ठरवायला तुमच्यापाशी राहिले काय?

गेल्या महिन्यात एका गावात गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या गावच्या मालाला उद्या बाजारात नाव ठेवले जाईल. नाल्याकाठची जमीन. वरच्या अंगाला राखेचा बंधारा. पावसाळ्यात तो झिरपतो आणि पाणी वावरात उतरते. जमीन कसणारा पोरगा तिशीच्या आतला. त्याने मला धुऱ्यावर उभे करून एकच प्रश्न विचारला, ‘भाऊ, काय टाकू म्हणजे जमीन साफ होईल?’

मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. काय टाकू, या प्रश्नाला आम्हा शेतकी पदवीधरांची जीभ लगेच सुटते. हे टाक, ते टाक, एकरी इतके किलो. त्या दिवशी मला खरे उत्तर द्यावे लागले. मी म्हणालो, ‘बाबा, काहीही टाकले तरी जमीन साफ होत नाही. पण धातू बांधून ठेवता येतो.’ साफ करणे आणि बांधून ठेवणे यांतला फरक काय, कशाने काय बांधले जाते, आणि बांधण्याचा खर्च कोणी करायचा, एवढेच आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

न कुजणारे विष

फवारणीचे औषध जमिनीत पडले तर जंतू ते हळूहळू मोडून टाकतात. कोणाला महिने लागतात, कोणाला वर्षे. पण बहुतेक औषधे मोडतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, आणि त्यांच्याच पंगतीला बसणारा सोमल, म्हणजे आर्सेनिक, यांचे तसे नाही. ही मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत, जळत नाहीत, मोडत नाहीत. आजोबांच्या काळात वावरात पडलेले शिसे नातवाच्या काळातही तिथेच असते.

पण जमिनीत धातू आहे म्हणजे तो सगळाच पिकात जातो, असे नाही. धातूचा काही भाग मातीतल्या पाण्यात विरघळलेला असतो. हा मोकळा. मूळ तो उचलते, पाऊस तो विहिरीकडे नेतो. दुसरा भाग चिकणमातीच्या कणांना, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटून असतो. परिस्थिती बदलली तर हा सुटतो. तिसरा भाग खनिजाच्या पोटात घट्ट अडकलेला असतो. तो सहजासहजी बाहेर येत नाही. नुकसान करतो तो मोकळा. म्हणून चुना, स्फुरद, शेणखत, लोहयुक्त पदार्थ, लाकडाचा कोळसा अशी भूसुधारके घालून मोकळ्या धातूला चिकटवायचे किंवा अडकवायचे, असा हा सगळा उपाय आहे.

तुम्हाला कोंडवाडा माहीत आहे. मोकाट जनावर पिकात शिरले की आपण ते हाकलत नेऊन कोंडवाड्यात घालतो. पीक वाचते. पण जनावर मेले का? नाही. गाव सोडून गेले का? नाही. ते तिथेच आहे, भिंतीआड आहे. भिंत पडली की पुन्हा पिकात. भूसुधारक म्हणजे असा कोंडवाडा आहे. ‘हे टाका, जमीन शुद्ध होईल’ असे कोणी पोत्यावर छापून विकायला आणले, तर तो तुम्हाला फसवतो आहे एवढे पक्के समजा.

स्पेनमधली एक गोष्ट

हा उपाय मोठ्या प्रमाणावर झाला त्याचे एक उदाहरण सांगतो. स्पेन देशाच्या दक्षिणेला अझ्नालकोयार नावाचे गाव आहे. तिथे धातूची खाण होती. २५ एप्रिल १९९८ रोजी खाणीच्या गाळाचा बंधारा फुटला. आम्लयुक्त पाणी आणि काळा गाळ मिळून साठ लाख घनमीटरच्या आसपास लोंढा ग्वादियामार नदीच्या खोऱ्यात शिरला. चार हजार हेक्टरांहून अधिक जमीन त्याखाली गेली. तिथे कोण शेती करत होते? आपल्यासारखेच लोक. सूर्यफूल, तृणधान्ये, फळबागा आणि कापूस.

सरकारने आधी यंत्रे लावून गाळ आणि त्याखालचा मातीचा थर खरडून काढला आणि खाणीच्या जुन्या खड्ड्यात नेऊन टाकला. तरी काही गाळ मातीत मिसळून राहिलाच. त्यात गंधक होते. गंधकाला हवा-पाणी लागले की आम्ल तयार होते, आणि माती आम्ल झाली की कॅडमियम, जस्त, तांबे मोकळे सुटतात. मग त्या जमिनीत साखर कारखान्यातून निघणारा चुना, लोहयुक्त माती आणि सेंद्रिय खत घातले. सामू वर चढला, मोकळे धातू कमी झाले, उजाड जमिनीवर पुन्हा हिरवे दिसू लागले. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००२ आणि २००३ मध्ये चुना आणि कंपोस्ट घालून प्रयोगाचे तुकडे केले. पुढे त्यातल्या अर्ध्या अर्ध्या तुकड्यांत पुन्हा घातले आणि वर्षानुवर्षे मोजत राहिले. उपाय लागू पडतो, हे त्यातून सिद्ध झाले.

आता उरलेली अर्धी गोष्ट ऐका. त्या जमिनीवर शेती पुन्हा सुरू झाली नाही. प्रांत सरकारने ती विकत घेतली, तिथे पिके घेण्यावर बंदी घातली आणि राखीव हरितपट्टा केला. धातू बांधले गेले, पण शेतकरी उठला. आणि साफसफाईवर झालेला खर्च खाण कंपनीकडून वसूल करण्याचा दावा २०२३ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनंतरही, कोर्टात चालूच होता.

आपल्या काळ्या मातीचे बळ आणि तिची खोड

ही गोष्ट ऐकून कोणी उद्या चुन्याच्या पोत्यांची गाडी भरून आणू नका. त्यांचा रोग आम्ल मातीचा होता. आपली काळी माती मुळातच चुनखडीची आहे. बहुतेक वावरांत सामू साडेसातपासून साडेआठपर्यंत. तिची चिकणमाती धातूला धरून ठेवणारी. शिसे, कॅडमियम, निकेल यांच्यासाठी निसर्गाने आपल्याला बांधलेला कोंडवाडा दिला आहे. त्यात आणखी चुना घालणे म्हणजे भरल्या विहिरीत घागर ओतणे. उलट जस्त आणि लोह पिकाला मिळेनासे होईल.

पण या मातीची एक खोड आहे. सगळे धातू एका जातीचे नाहीत. सोमल आणि विषारी प्रकारचे क्रोमियम यांची चाल उलटी आहे. सामू वर गेला की ते जास्त मोकळे होतात. म्हणजे जी माती शिशाला बांधते, तीच सोमलाला सोडते. म्हणून कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय काहीही टाकायचे नाही.

शिसे असेल तर स्फुरद कामाचा. शिसे आणि स्फुरद मिळून न विरघळणारे खनिज तयार होते. पण त्याच मातीत सोमल असेल, तर स्फुरद सोमलाला ढकलून मोकळा करतो. सोमलाला धरतात ते लोहाचे संयुग, म्हणजे हिराकस वगैरे. विषारी क्रोमियम असेल तर हिराकस आणि भरपूर सेंद्रिय पदार्थ त्याला कमी विषारी, कमी हलणाऱ्या रूपात आणतात. कॅडमियम असेल तर कुजलेले शेणखत, कोळसा, आणि जमिनीत जस्त कमी असेल तर जस्ताची भरपाई. कॅडमियम आणि जस्त हे चुलतभाऊ. जस्ताची उपासमार असलेले पीक जस्ताच्या दारातून कॅडमियम आत घेते. दक्षिण ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतांत १९९० च्या दशकात हे पाहिले गेले. जस्त दिल्यावर दाण्यातले कॅडमियम कमी झाले. आपल्या काळ्या जमिनींत जस्ताची कमतरता किती आहे, हे तुम्हाला तुमच्याच माती तपासणीच्या कागदावर दिसेल.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांनी आणखी एक लक्षात ठेवावे. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड मातीला चिकटलेल्या कॅडमियमला सोडवून पाण्यात आणते. ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या पिकात हेच आढळले. म्हणून जिथे कॅडमियमची शंका आहे, तिथे खाऱ्या बोअरचे पाणी देऊ नका.

फुकटच्या ट्रॉलीचा हिशेब

आता राखेकडे येतो. आपल्या देशी कोळशात शंभर किलोमागे तीस ते पंचेचाळीस किलो राख असते. कोळसा जळून जातो, त्यातले न जळणारे धातू बहुतांश त्या राखेत गोळा होतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नदीनाल्यांत गेली. ते सगळ्यांनी पाहिले. पण बंधारा न फुटताही राख आपल्या वावरात येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, फुकट, भूसुधारक म्हणून. भारी जमीन भुसभुशीत होते, असे सांगतात. त्यात अगदी तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही राख काही जमिनीत चालते. पण आपल्या आधीच चढ्या सामूच्या जमिनीत राखेतला सोमल आणि बोरॉन काय करतील, हे ट्रॉलीवाला सांगत नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत शेतीसाठी राखेचा वापर माती तपासून, नियंत्रित पद्धतीनेच करायचा असे म्हटले आहे. तेव्हा ट्रॉली दारात आली की विचारा, माझ्या मातीची तपासणी कुठे आहे? राखेची तपासणी कुठे आहे? कागद नसेल तर ट्रॉली परत.

शहराच्या कचऱ्याच्या खताचाही हिशेब मांडू. खत नियंत्रण आदेशात या खतासाठी धातूंच्या मर्यादा आहेत. किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १००, सोमल १०, क्रोमियम ५०. समजा खत अगदी मर्यादेवर आहे आणि तुम्ही एकरी ५ टन घातले. म्हणजे २५ ग्रॅम कॅडमियम आले. एका एकराच्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचे वजन धरा ९ लाख किलो. किलोमागे वाढ झाली ०.०२८ मिलिग्रॅम. काहीच नाही, म्हणाल. पण दरवर्षी घातले तर वीस वर्षांत अर्धा मिलिग्रॅमच्या वर. स्वच्छ जमिनीत मुळात बहुधा याहून जास्त कॅडमियम नसते. म्हणजे कायद्यात बसणारे खत घालूनही एका पिढीत कॅडमियम दुप्पट झाले. ज्वारीच्या दाण्यात कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, हे ध्यानात ठेवा.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीत नवा होतो तेव्हा एका शहराच्या नाल्याचा वाळलेला गाळ उचलून वावरात घाला, असे मी स्वतः शेतकऱ्यांना सांगितले होते. दोन वर्षे पऱ्हाटी कमरेच्या वर गेली, आणि मला शाबासकी मिळाली. त्या गाळात काय आहे, हे मी तपासले नव्हते. वरच्यानेही तपासले नव्हते. इंग्लंडमध्ये वोबर्न इथे १९४२ ते १९६१ या काळात शहराच्या मैल्याचा गाळ घातलेली प्रयोगाची जमीन आहे. गाळ थांबवून वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पाहिले, तर धातू बहुतांश जागच्या जागी होते, आणि पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू नत्र धरेनासे झाले होते. क्लोव्हर म्हणजे आपल्या तूर-मुगाच्या कुळातले चाऱ्याचे पीक. हे वाचले त्या रात्री मला त्या गावांची आठवण झाली. त्यांच्या मुगाच्या गाठींचे काय झाले असेल, हे मी कधी जाऊन पाहिले नाही. आता पाहणार आहे.

प्रयोगशाळेची मात्रा आणि शेतकऱ्याचा खिसा

‘मग शास्त्रज्ञ सांगतात तेवढे घालू आणि मोकळे होऊ,’ असे कोणी म्हणेल. चला, हिशेब करू. अमेरिकेत जॉप्लिन गावी शिशाने बिघडलेल्या घरांच्या आवारात १९९७ साली स्फुरदाचा प्रयोग सुरू झाला. मातीच्या वजनाच्या एक टक्का स्फुरद, तोही फॉस्फोरिक आम्लाच्या रूपात. गुण आला. आपल्या एका एकराला एक टक्का म्हणजे ९ हजार किलो शुद्ध स्फुरद. केवळ समजण्यासाठी डीएपीच्या भाषेत सांगतो. डीएपीत शुद्ध स्फुरद शंभर किलोमागे वीस किलो. म्हणजे ४५ टन डीएपी, ९०० पोती. अनुदानाच्या भावाने पोते १३५० रुपयांना धरले तरी १२ लाख १५ हजार रुपये, एका एकराला! तेवढ्यात ती जमीनच दुसरीकडे विकत मिळेल.

कोळशाचे पाहू. पऱ्हाटी जाळून राख करण्याऐवजी खड्ड्यात कमी हवेत तिचा कोळसा केला, तर तो कॅडमियम धरतो हे खरे. कोरडवाहूत एकरी टनभर वाळली पऱ्हाटी धरा, तिचा कोळसा झाला अडीचशे-तीनशे किलो. मातीच्या एक टक्का कोळसा घालायचा म्हटले तर ९ टन लागेल. म्हणजे एका एकरासाठी तीस एकरांची पऱ्हाटी!

मी हे थट्टेने सांगत नाही. हा उपाय खरा आहे, लागू पडतो, पण तो पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून होणारा नाही. तो ज्याने घाण केली त्याच्या खिशातून व्हायचा आहे.

आपल्या हातात काय आहे?

तरी आपण हात जोडून बसायचे नाही. आजपासून करता येण्यासारख्या गोष्टी आहेत.

पहिली, नवे जनावर आत येऊ द्यायचे नाही. न तपासलेली राख, शहराचा गाळ, कारखान्याचा कोणताही फुकट माल घेऊ नका. नाल्याचे दूषित पाणी वावरात शिरत असेल तर धुरा उंच करा, चर काढून ते बाहेर वळवा.

दुसरी, घरचे कुजलेले शेणखत जमेल तितके घाला. हे सगळ्यात स्वस्त बंधन. पण सेंद्रिय पदार्थ कुजून जातो, म्हणून त्याचा कोंडवाडा दरवर्षी लिंपावा लागतो.

तिसरी, जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट द्या, पक्क्या बिलाचे, तपासलेल्या पोत्यातले. हलक्या मालात कॅडमियमच यायचे.

चौथी, पीक विचारपूर्वक निवडा. शंका असलेल्या तुकड्यावर मेथी, पालक असला पालेभाजीचा वाफा नको; पानांत कॅडमियम जास्त जाते. कापसाची रुई कोणी खात नाही, म्हणून अशा जमिनीत कापूस त्यातल्या त्यात बरा. पण सरकी आणि ढेप जनावरांच्या पोटात जाते, हे विसरू नका. ज्वारीत दाण्यापेक्षा ताटात आणि पानांत धातू अधिक राहतो. म्हणून दाण्याबरोबर कडबाही तपासून घ्या.

पाचवी, मूग किंवा तूर चाळीस दिवसांची झाली की चार झाडे मुळासकट हलक्या हाताने उपटा. मुळांवरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर जंतू कामावर आहेत. पांढरट, हिरवट असेल तर काहीतरी बिघडले आहे. कारण दुसरेही असू शकते, पण ती तपासणी करण्याची खूण समजा.

सहावी, कोणतेही भूसुधारक आधी एका गुंठ्यात घाला, शेजारचा एक गुंठा तसाच ठेवा. हंगामाअखेर दोन्हीकडचा दाणा आणि कडबा तपासा. मगच पुढचे पाऊल.

तपासणीचा कागद

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. २०१५ साली सुरू झालेली ती योजना चांगली आहे. पण पत्रिका उघडून पाहा. बारा गोष्टी आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. शिसे नाही, कॅडमियम नाही, सोमल नाही, क्रोमियम नाही. जे मोजले नाही ते सरकारच्या लेखी अस्तित्वातच नाही. म्हणून धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते.

नमुना नीट घ्या. जस्ताच्या पत्र्याची बादली वापरू नका, प्लास्टिकचे टोपले घ्या. वरच्या १५ सेंटीमीटरचा एक आणि १५ ते ३० चा दुसरा. वावरातल्या दहा-बारा ठिकाणची माती एकत्र करा. आणि एक नमुना त्याच जातीच्या, पण वरच्या अंगाच्या, स्वच्छ वावरातला घ्या. तो नसेल तर कारखाना म्हणणार, तुमच्या मातीत हे पहिल्यापासूनच होते. नमुना घेताना पाच पंच, तारीख, गट नंबर आणि सह्या. एकूण धातू आणि पिकाला मिळणारा मोकळा धातू, दोन्ही आकडे मागा. नुसता एकूण आकडा भीती घालतो, नुसता मोकळा आकडा उद्याचा धोका लपवतो.

दंड कोणी भरायचा?

आता शेवटचा मुद्दा. गावात मोकाट जनावराने पीक खाल्ले तर दंड कोण भरतो? ज्याचे पीक गेले तो? नाही. ज्याचे जनावर तो. इंग्रजांनी १८७१ साली त्याचा कायदा केला, पण त्याआधीही गावाचा न्याय हाच होता. कोंडवाड्यातल्या जनावराच्या चाऱ्याचा खर्चही मालकावरच.

कारखान्याच्या धातूला हाच न्याय लावायचा आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी आणि जमिनी रसायनांच्या कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले, ज्याने प्रदूषण केले त्याने जमीन आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्च द्यावा. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण झाले. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. तिथे नुकसानभरपाई आणि जमिनीचे पुनर्वसन, दोन्ही मागता येते. पण मुदत आहे. कारण घडल्यापासून पाच वर्षे. म्हणून आज नमुना, आज पंचनामा. शिवाय जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी दूषित असल्याची शंका असलेल्या जागांची यादी द्यायची, आणि प्रदूषण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक पाहणी करायची. त्यातून खाणकामासारख्या काही बाबी वगळल्या आहेत, त्यासाठी वेगळे भांडावे लागेल. पण ज्या जागा यादीत बसतात, त्यांच्यासाठी ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर गेल्याशिवाय यादीत नाव येणार नाही. साहेब काही वखर घेऊन तुमच्या वावरात येणार नाहीत.

एका देशातल्या शेतकऱ्यांनी हे करून दाखवले आहे. जपानमध्ये जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका खाण होती. तिचे कॅडमियम पाण्यातून भाताच्या शेतात आले, भातातून माणसांत गेले. बायकांची हाडे ठिसूळ झाली. साध्या खोकल्यानेही मोडायची. त्या रोगाचे नावच ‘दुखतंय, दुखतंय’ असे पडले. १९६८ साली सरकारने रोगाचे कारण मान्य केले, त्याच वर्षी लोकांनी कंपनीवर दावा लावला. १९७१ ला जिंकले, १९७२ ला अपिलातही जिंकले. पैसे घेऊन ते घरी बसले नाहीत. त्यांनी कंपनीकडून लिहून घेतले, की आम्ही आमचे तज्ज्ञ घेऊन खाणीत येऊन तपासणी करू आणि खर्च तुम्ही द्यायचा. ती तपासणी दरवर्षी होत आली. दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ माती टाकण्याचे काम सुमारे ८६० हेक्टरांवर झाले. ते २०१२ साली संपले. तेहतीस वर्षे लागली. कंपनीने आणि सरकारने मिळून तो खर्च केला. शेतकऱ्याने नाही.

तेहतीस वर्षे! म्हणून मी त्या पोराला धुऱ्यावर उभे राहून सांगितले, ‘तुझ्या वावरात काय टाकायचे ते तपासणीनंतर सांगतो. पण आज एक कागद टाक, ग्रामसभेत.’ त्याने टाकला. बाविसाव्या दिवशी नमुने घेतले गेले. निकाल अजून यायचा आहे. काहीही आला तरी तो याच बैठकीत वाचून दाखवीन. चांगला आला तरी, वाईट आला तरी.

आजच्या बैठकीपुढे तीन ठराव ठेवतो. एक, न तपासलेली राख, गाळ किंवा कारखान्याचा फुकट माल आपल्या शिवारात उतरू द्यायचा नाही. दोन, नाल्याकाठच्या आणि बंधाऱ्याखालच्या प्रत्येक गावाने खरिपाच्या पेरणीआधी पंचांसमक्ष मातीचे नमुने घेऊन ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा. तीन, मृदा आरोग्य पत्रिकेत अशा गावांसाठी शिसे, कॅडमियम, सोमल आणि क्रोमियम या चार ओळी वाढवाव्यात, आणि धातू बांधण्यासाठी लागणारे भूसुधारक, त्याची वाहतूक आणि दरवर्षीची तपासणी यांचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल व्हावा, अशी मागणी शासनाकडे करायची.

भाताचे, कापसाचे, ज्वारीचे पैसे बुडाले तर पुढच्या हंगामात भरून काढता येतात. जमीन बुडाली तर पुढचा हंगामच नसतो. ज्यांना हे ठराव मान्य आहेत त्यांनी हात वर करावेत, आणि हात वर केलेल्यांनी जाताना आपल्या गावाचे नाव आणि नाल्याचे नाव वहीत लिहून जावे.